दोनशे खुर्च्या आणि पुढची तीस वर्षं

“हॅलो?… हॅलो, ताई? अगं कुठे होतीस? नऊ वेळा फोन केला मी… वॉर्डात? बरं, बरं, पेशंट आधी. आता जेवायची सुट्टी आहे ना? मग जेवता जेवता ऐक. तू नुसतं हं हं कर.”

पालिकेच्या नियोजन विभागातली उपअभियंता, म्हणजे ताईची धाकटी बहीण, सभागृहामागच्या खोलीत टेबलावरचा, आत्ताच वाजलेला काळा फोन कानाला लावून उभी होती. घड्याळात सव्वादोन. अर्धवट उघड्या दारातून समोर दोनशे खुर्च्या दिसत होत्या. खुर्च्या अगदी वेळेवर आल्या होत्या.

“काही झालं नाहीये गं. आई बरीच असेल, तिच्यासाठी नाही केला फोन. मला माणसं हवीयेत… माणसं, ताई. नागरिक. चार वाजता… जनसुनावणी आहे आमची. ‘पुढील तीस वर्षांच्या पायाभूत गरजा : नागरिकांच्या नजरेतून’… हो, नाव मीच सुचवलं. नजर तयार आहे, नागरिक तेवढे नाहीत.”

“किती आलेत?… आत्ता या घडीला सात… त्यात चार आमचेच. एक माईकवाला, एक चहावाला… सातवे एक आजोबा आहेत. घरपट्टी भरायला आले होते, खिडकी बंद झाली म्हणून पंख्याखाली बसलेत. जागे आहेत, म्हणून धरलेत.”

“जाहिरात? दिली ना. कायद्यानं द्यावीच लागते. पान अकरा, ‘नावात बदल’ आणि ‘हरवले आहे’ यांच्या मधोमध… कोण वाचतं म्हणजे? आम्ही वाचली… संकेतस्थळावरही आहे गं. एकशे चाळीस पानं. मोबाईलवर उघडत नाही, पण आहे.”

“वेळेला काय झालंय? मंगळवार, दुपारी चार… कामाचा दिवस, हो. आमच्याही कामाचाच आहे. रविवारी ठेवली तर आम्ही कसे येणार?”

धाकटीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली आणि आवाजात थोडी साखर घातली. कामाचं बोलणं आता येत होतं.

“तर ऐक ना… नियम असा आहे, पन्नास नागरिकांच्या सह्या लागतात. पन्नासच्या खाली गेलं की सुनावणी रद्द. पुन्हा जाहिरात, पुन्हा दोन महिने. आणि मोठे साहेब महिनाअखेर निवृत्त होतायत. जायच्या आधी त्यांना शहराची तीस वर्षं उरकायची आहेत… म्हणून म्हणते, तू ये. जिजाजींना आण. चिंगीला आण. शेजारच्या त्या दोघी एरवी खिडकीतून सगळ्या गल्लीचं नियोजन करतच असतात, त्यांनाही आण.”

“ड्युटी सहापर्यंत?… दोघीजणी रजेवर. बरं… जिजाजी?… शाळेची बस. हो, पोरं रस्त्यात कशी सोडणार… चिंगीची परीक्षा. म्हणजे तुमच्या घरात रिकामं कोण, तर आई… नको, नको. ती आली तर बोलेल.”

“अगं काम काही नसतं. बसायचं. भिंतीवर मोठा नकाशा असतो, हातात टिकल्या देतात… टिकल्याच, चिकटवायच्या. हिरवी म्हणजे पसंत, पिवळी म्हणजे विचार करा, लाल म्हणजे नको… लाल कमी मागवल्यात. सल्लागार म्हणाला, लोकांना लाल जास्त दिल्या की लोक लाल लावतात… मोठा माणूस आहे, बाहेरून आणलाय. ‘नागरिक हाच केंद्रबिंदू’ म्हणतो. बिंदू म्हणजे त्या टिकल्याच असाव्यात.”

“मग चहा, बिस्किटं, फोटो. फोटोत एक ज्येष्ठ नागरिक, एक तरुण आणि एक महिला लागते… मी कशी चालेन? मी प्रशासन आहे, मला महिलांत धरत नाहीत.”

“साडेपाचला संपेल… माहीत म्हणजे, इतिवृत्त सकाळीच टाईप झालंय. ऐकतेस? ‘सविस्तर चर्चेअंती उपस्थितांनी आराखड्याचे उत्स्फूर्त स्वागत केले. हरकती : निरंक’… निरंक म्हणजे काही नाही गं… हो, मग ‘काही नाही’ असंच लिहिता आलं असतं. पण तसं लिहिलं की खरंच काही नाही असं वाटतं.”

पलीकडे ताई हसली असावी, कारण धाकटीही हसली. दोघींत सहा वर्षांचं अंतर. शाळेमागच्या टेकडीवर, गल्लीच्या टोकाशी आईचं दोन खोल्यांचं घर होतं. लग्नानंतरही ताई तिथेच राहिली होती आणि धाकटी तिथल्याच खिडकीशी बसून इंजिनियर झाली होती. इंजिनियर झाल्यावर ती सपाटीला राहायला गेली. सपाटीला चोवीस तास पाणी होतं.

“पुस्तिका? हो, सकाळी मीच पाठवली तुला. अगं एक तरी प्रश्न यावा लागतो, नाहीतर जनता मुकी होती असं दिसतं. तू आली असतीस तर उठून एवढंच विचारायचं होतं, ‘झाडं किती लावणार?’ साहेबांकडे उत्तर तयार आहे. बारा हजार… कुठे, ते दुसऱ्या प्रश्नात येतं. दुसरा प्रश्न ठेवलेला नाही.”

“काय केलंस?… दवाखान्याच्या संगणकावर उघडली? आणि वाचतेयस? कशाला?… ताई, अख्ख्या शहरात तू पहिली. तुझा सत्कार करायला हवा.”

“पान सदतीस. हं… घर शोधतेयस. वा. लोकांपुढे शहराची तीस वर्षं मांडावीत आणि लोकांनी आपली खिडकी शोधावी. म्हणूनच आम्ही लोकांना फार विचारत नाही… दिसत नाही? सरळ धर आधी… संगणकावर आहे, बरं, मग सरळच असेल. थांब, माझा उघडते. तुला बोट धरून घरी पोचवते.”

तिनं मोठ्या नकाशाची गुंडाळी टेबलावर पसरली. एका कोपऱ्यावर स्टेपलर, दुसऱ्यावर टिकल्यांचा डबा, तिसऱ्यावर स्वतःचं कोपर. चौथा कोपरा वळत राहिला. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला.

“हां. शाळा दिसली? पिवळी… तिच्या खाली दवाखाना, तिथे आत्ता तू डबा खातेयस. आता शाळेच्या मागे ये… मागे पायऱ्या… अगं ब्याण्णव पायऱ्या आहेत, कुठे जातील… नाहीत?… हो. माझ्यातही नाहीत… थांब जरा… हिरवं आहे ना? नुसतं हिरवं. आणि हिरव्यात एक निळं गोल… बारीक अक्षर आहे, वाचते. ‘प्रस्तावित उंच जलकुंभ, पंचवीस लाख लिटर. जागेचा सध्याचा वापर : मोकळी’…”

सभागृहात माईकवाला ‘एक, दोन, तीन’ म्हणून पाहत होता. तीनच्या पुढे तो जात नव्हता.

“… आहे मी. फोन चालू आहे.”

“हो, ती टाकी आपल्या स्वयंपाकघरातच. मोरी धरून… शेजारणींची घरंही आली त्यात, तो शिंपीही आला, गल्लीच्या टोकापर्यंत सगळंच आलं. किती घरं आहात तुम्ही?… एकेचाळीस… आणि इथे तक्त्यात लिहिलंय, लोकसंख्या शून्य.”

“हसतेस काय?… नाही, बरोबर आहे तुझं, अकरा वर्षं पाणी पाणी करत होतीस, पहाटेची चाळीस मिनिटं पुरत नाहीत म्हणून. घे मग. आता पाणीच राहायला येतंय तुझ्याकडे… सॉरी. सॉरी, ताई. तोंडाला सवय लागलीये.”

तिनं पुस्तिकेची मागची पानं उलटली. परिशिष्टं कुणी वाचू नयेत म्हणूनच ती मागे छापतात, हे तिला सतरा वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलं होतं.

“सापडलं. ‘पाहणीची पद्धत’… घरोघरी गेलेच नाहीत गं. पाण्याच्या मीटरवरून माणसं मोजलीयेत. एका मीटरमागे साडेचार… साडेचार. अर्धं कोण ते मला विचारू नकोस, सल्लागाराकडे असेल… तुमच्या गल्लीत मीटर किती?… एकही नाही. सगळ्यांत मिळून एक नळ, आणि त्याला मीटर नाही. म्हणजे शून्य गुणिले साडेचार… आणि ऐक, पुढे वाढही धरलीये. दर वर्षी अडीच टक्के, तीस वर्षं… शून्याला कितीही टक्के लावले तरी काय होणार? तीस वर्षांनीही तिथे कुणी राहत नाही. चिंगीची पोरंसुद्धा नाहीत.”

“अर्ज केला होतात, माहीत आहे. मीटर बसवून द्या म्हणून. एकेचाळीस सह्यांचा… आमच्याकडेच आहे तो. गठ्ठ्यात… हरवला कसा असेल? हरवायला आधी कुणीतरी हातात घ्यावा लागतो.”

“तपासलं कुणी?… ताई, ते आता महत्त्वाचं नाहीये… अगं आहेत सह्या. खाली उजव्या कोपऱ्यात. तयार केले, तपासले, सादर… ‘तपासले’पुढे… माझी आहे.”

“… हो, माझी. दुसरी कोण असणार?”

“… पाहिलं नाही. एकशे चाळीस पानं होती, संध्याकाळ झाली होती, सल्लागार विमानासाठी खोळंबला होता. मी टोकं पाहिली, दिशा पाहिली, प्रमाण पाहिलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या… घर नाही पाहिलं. सुचलंच नाही.”

धाकटी खुर्चीत बसली. बसल्यावर नकाशा तिच्या नाकासमोर आला. हिरव्या रंगात पायऱ्यांची एक रेघसुद्धा नव्हती. त्या हिरव्यात कुठेतरी तिची भूमिती होती. मोरीच्या दगडावर खडूनं त्रिकोण काढायचे आणि पहाटे पाणी आलं की ते पुसून जायच्या आत पाठ करायचे.

“काय होणार म्हणजे… आज हरकत नोंदली गेली नाही, तर आराखडा पक्का. मग निविदा, मग खोदकाम… नोटीस कुणाच्या दारावर लावणार? मोकळ्या जागेला दार नसतं… दुसरं घर? राहणाऱ्याला देतात, ताई. तुम्ही राहतच नाही.”

“मी कशी खोडू? वही आहे का ही? मी बदल सुचवला तर आधी समिती, मग उपसमिती, मग सल्लागाराचा खुलासा. तोवर साहेब आज सही करून मोकळे… नागरिकाला मात्र येतं. कलमच आहे तसं. त्या जागेवर राहणाऱ्या एकानं हरकत घेतली की जागेवर जाऊन पाहावंच लागतं. पाहिल्याशिवाय आराखडा तसूभर पुढे सरकत नाही… हो ना. सतरा वर्षं इथे आहे मी, मला अधिकार नाही. तुला आहे. तुला कुणी सांगितलं नाही एवढंच.”

“काय म्हणालीस?… पन्नास जमलेच नाहीत तर?… तर रद्द… दोन महिने पुढे, आणि तोवर साहेब घरी… ताई, तू इंजेक्शनं देत बसलीस, तुझी जागा आमच्या खात्यात होती. अगदी बरोबर. कुणी येऊच नका. शेजारणींना सांग, दारं लावून बसा. मघाशी मी जे काही बोलले ते विसर. लोकसहभाग अजिबात नको… आत्ता सातच आहेत. आजोबांनाही मी चहा पाजून घरी पाठवते, सहा होतील.”

पहिल्यांदाच तिला रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसल्या. मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

“थांब… आवारात बस आलीये… प्रशिक्षण केंद्राची आहे. उतरतायत… सगळे एकसारख्या निळ्या शर्टात… आमचेच गं, नव्या भरतीचे लेखनिक. थांब, मोजते… तीस, एकतीस… अजून आहेत… बावन्न. साहेबांनी बावन्न नागरिक आणले… असतात ना, तेही नागरिक असतात. पाच वाजल्यानंतर.”

“नाही, आता रद्द होत नाही… तू वॉर्ड सोडून येऊ नकोस, मी तसं म्हणतच नाहीये… आई? तो गुडघा घेऊन ब्याण्णव पायऱ्या? आत्ता निघाली तर चारला खाली पोचेल, आणि परत वर कोण नेणार? नको… जिजाजी पाचशिवाय मोकळे नाहीत… हो, कळतंय मला. मंगळवार दुपारी चार ही वेळ वाईटच आहे. मान्य.”

सभागृहात खुर्च्या सरकल्या. बावन्न जण शिस्तीत, पुढच्या रांगा सोडून, मागच्या रांगांत बसले. त्यांतल्या एकानं टिकली स्वतःच्या मनगटावर लावून पाहिली. हिरवी.

“ताई… एक मिनिट. जाहिरातीचं कात्रण कुठेय… हे. ‘हरकती लेखी, समक्ष अथवा दूरध्वनीद्वारे स्वीकारल्या जातील’… दूरध्वनी. फोन, अगं, फोन… आजवर कुणी केलेलाच नाही. नोंदवहीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही… कुठल्या नंबरवर काय? याच. मी मोबाईलवरून नाही, इथूनच लावत होते तुला. आणि आत्ता फोन तू केलायस… हो, हा काय. चालू आहे.”

“माझं काय होईल?… होईल काहीतरी. ‘तपासले’ म्हणून सही करणारीनंच त्यावर हरकत लिहून घेतली, तर विचारतील ना… चौकशी. बदली. बढती तर गेलीच, तिची यादीही साहेबच करतात… अगं रागाव ना, रागाव, मी कुठे नको म्हणते, पण नंतर. रविवारी येते तेव्हा पोटभर… नाही, आधी ऐक. ताई, तू आता मी विचारते तेवढ्याचंच उत्तर— बोला मॅडम. हो, जनसुनावणी कक्षच बोलतोय.”

दारात मोठे साहेब उभे होते. हातात भाषणाचा कागद, चेहऱ्यावर बावन्न माणसं जमवल्याचं समाधान. त्यांनी भुवया उंचावल्या.

“एक मिनिट हं मॅडम… सर, नागरिकांचा फोन आहे. हरकत नोंदवायची आहे म्हणतात… हो सर, आजच… नाही सर, उद्या करा असं नाही सांगता येत, जाहिरातीत आपणच छापलंय… जलकुंभाच्या जागेबद्दल… हो सर, मोकळीच आहे नकाशात. त्या मोकळ्या जागेतूनच फोन आलाय.”

साहेब आत आले आणि उभेच राहिले. धाकटीनं नोंदवहीचं प्लास्टिक दातांनी फाडलं, कारण एका हातात फोन होता.

“हां, बोला मॅडम. नाव?… मॅडम, मला काय झालंय ते राहू द्या, आपलं नाव सांगा… आडनावासकट… माहीत कसं असेल मला, मॅडम? आपण सांगाल तेच मी लिहिणार… हं. व्यवसाय?… परिचारिका.”

“पत्ता?… शाळेमागे, पायऱ्या चढून, गल्लीचं शेवटचं घर. लिहिलं… पाण्याचा मीटर?… नाही. अर्ज केला होता, अकरा वर्षं झाली, उत्तर नाही… तेही लिहिलं. मॅडम, शिव्या लिहिता येत नाहीत, रकाना नाही.”

“तिथे किती वर्षं राहता?… चव्वेचाळीस. कशावरून?… धाकटी बहीण झाली त्या वर्षी राहायला आलात… बरं. तिच्या बारशाचं वगैरे नको मॅडम, वर्ष पुरे.”

साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली आणि पुढचा रकाना उघडला. पेन चालेना, म्हणून तिनं ते तळहातावर दोनदा घासलं.

“आता घरात माणसं किती?… सावकाश सांगा, हा रकाना महत्त्वाचा आहे… आई, वय पंच्याहत्तर… आपण… मिस्टर… मुलगी. चार… पाच? पाचवं कोण?”

“… बहीण म्हणता.”

“… ती राहते का तिथे, मॅडम?… महिन्यातून एकदा येते. मग नाही धरता येत… गादी अजून माळ्यावर आहे, ठीक आहे, पण गादी म्हणजे माणूस नाही… मॅडम, ऐका. तिला नका धरू… कारण तो नकाशा तिनंच तपासलाय… हो. हो, तरीही… नको, मॅडम.”

साहेब आता टेबलावर वाकले होते. कोपऱ्यातली सही आणि नोंदवहीतलं अक्षर ते आळीपाळीनं पाहत होते. दोन्ही अक्षरं एकाच हाताची होती. हे तपासायला त्यांना कुठला सल्लागार लागला नाही.

“… चारच लिहिते. पूर्ण वाचून दाखवू का?… नको? मी दाखवते. ‘सदर जागा मोकळी नाही. येथे एकेचाळीस घरे आहेत. आमच्या घरात चार माणसे राहतात व पुढील तीस वर्षेही राहणार आहेत. जागेवर येऊन पाहावे’… बरोबर?… नोंद झाली, मॅडम. खाली सही माझी आहे… हो, या वेळी वाचून केलीये. ठेवते.”